पांढरा अवक्षेप आला, पण कशाचा?

“रंगांचा तक्ता पाठ कर, म्हणजे प्रॅक्टिकल निघालंच.” सॉल्ट अ‍ॅनालिसिसची तयारी करणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांना हा एकच सल्ला चहूकडून मिळतो. वरच्या वर्गातली मुलं देतात, क्लासच्या नोट्स देतात, जर्नल उतरवून घेताना शेजारी बसलेला मित्रही देतो. बेरियम क्लोराइड घालून पांढरा पीपीटी, म्हणजे अवक्षेप, आला की सल्फेट. सिल्व्हर नायट्रेट घालून पांढरा आला की क्लोराइड, फिकट पिवळा आला की ब्रोमाइड. संपला अभ्यास! या सल्ल्यावर विसंबलेली मुलं प्रयोग हाताने नीट करूनही उत्तर चुकीचं लिहितात. म्हणून त्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

गैरसमज: अवक्षेपाच्या रंगावरून आयन ओळखता येतो.

वस्तुस्थिती: रंगामुळे शक्यता कमी होतात, एकच उरत नाही. बेरियमबरोबर सल्फेटचा अवक्षेप पांढरा येतो, कार्बोनेटचा पांढरा, सल्फाइटचा पांढरा आणि फॉस्फेटचाही पांढराच. मग नळीत पांढरं दिसल्याबरोबर ‘सल्फेट’ लिहायचं ते कशाच्या आधारावर?

ही चूक सर्वांत जास्त घडते ती सोडियम कार्बोनेट अर्काच्या वेळी. दिलेला क्षार सोडियम कार्बोनेटबरोबर पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि गाळून आलेल्या द्रावणात ऋण आयनांच्या चाचण्या घ्यायच्या, ही पद्धत मुलांना तोंडपाठ असते. पण या अर्कात आपणच घातलेलं जास्तीचं कार्बोनेट शिल्लक असतं, याकडे लक्ष जात नाही. त्यात थेट बेरियम क्लोराइड टाकलं, तर मूळ क्षारात सल्फेटचा कणही नसताना भरघोस पांढरा अवक्षेप येतो. तो बेरियम कार्बोनेटचा. त्याच अर्कात थेट सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर सिल्व्हर कार्बोनेटचा पिवळसर अवक्षेप येतो आणि पाठ केलेला तक्ता सांगतो ‘ब्रोमाइड’. एकाच अर्कातल्या एकाच चुकीमुळे नसलेले दोन आयन सापडले!

म्हणून आधी अर्क आम्लधर्मी करायचा. आम्ल थेंबाथेंबाने घालायचं आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत घालत राहायचं. मग उकळून कार्बन डायऑक्साइड घालवायचा आणि थंड झाल्यावर अभिकर्मक टाकायचा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या प्रयोगपुस्तिकेतही अर्क आम्लधर्मी करून घ्यायला सांगितलं आहे. ही ओळ गाळून पुढे जाणाऱ्याला तक्ता कितीही पाठ असला तरी उपयोग नाही.

आम्ल कोणतं, हेही घोकावं लागत नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं, तर क्लोराइड आपणच आत टाकतो. तिथे विरल नायट्रिक आम्लच हवं. बेरियमच्या चाचणीत सल्फ्युरिक आम्ल का चालत नाही, याचं उत्तरही असंच एका वाक्यात मिळतं. ज्याचा शोध घ्यायचा, ते स्वतःच्या हाताने घालायचं नाही.

पुढची ओळख अवक्षेपाच्या वागण्यावरून होते. सिल्व्हर क्लोराइड दह्याच्या कवडीसारखं दिसतं. त्यात अमोनियाचं द्रावण घालून नळी हलवली की ते विरघळून द्रावण स्वच्छ होतं. ब्रोमाइड अमोनियात जेमतेम विरघळतं आणि आयोडाइड तसंच राहतं. ॲल्युमिनियम आणि झिंक, दोघांचे हायड्रॉक्साइड पांढरे, आणि दोघंही जास्तीच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतात. मात्र जास्तीच्या अमोनियात फक्त झिंकचं विरघळतं. लेड क्लोराइडचा अवक्षेप पाण्यासकट गरम करा, तो दिसेनासा होतो. नळी थंड होऊ द्या, सुईसारखे स्फटिक पुन्हा दिसू लागतात. यातली बहुतेक मंडळी पांढरीच आहेत, आणि प्रत्येकाची ओळख दुसऱ्या पायरीवर पटते.

‘मार्क मिळाले की झालं, एवढं खोलात कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी पुढची घटना लक्षात घ्यावी. पोटाच्या एक्स-रे तपासणीसाठी रुग्णाला बेरियम सल्फेट पाजतात. बेरियमचे आयन विषारी असले तरी बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जठरातल्या आम्लातही नाही, म्हणून ते पोटात जाऊन तसंच बाहेर पडतं. बेरियम कार्बोनेटही पांढरंच, पाण्यात तितकंसं न विरघळणारं. पण जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात ते विरघळतं आणि बेरियम रक्तात जातं. २००३ साली ब्राझीलमध्ये या तपासणीच्या औषधात बेरियम कार्बोनेट असल्याचं आढळलं. ते घेतलेले अनेक रुग्ण दगावले. शाळेच्या टेबलावर ज्या आम्लाने या दोन पांढऱ्या पदार्थांतला फरक कळतो, तेच आम्ल आपल्या जठरात आहे. हा फरक फक्त मार्कांपुरता नाही.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात:

“परीक्षानळी नळाच्या पाण्याने धुतली की पुरे.” पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड स्वीकारार्ह आहे. त्याच्या लहानशा अंशानेही सिल्व्हर नायट्रेट गढूळ होतं, तेव्हा शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरनेच.

“अवक्षेप म्हणजे अजिबात न विरघळणारा पदार्थ.” सिल्व्हर क्लोराइड लिटरभर पाण्यात सुमारे २ मिलिग्रॅम विरघळतं, तर लेड क्लोराइड थंड पाण्यातही सुमारे १० ग्रॅम. म्हणून फार विरल द्रावणात शिसं असूनही अवक्षेप दिसत नाही.

“दोन क्षारांची द्रावणं मिसळली की अभिक्रिया होणारच.” सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम नायट्रेट मिसळून पाहा. चारही आयन द्रावणात जसेच्या तसे राहतात.

“अभिकर्मक जास्त घातला की अवक्षेप जास्त.” कॉपर सल्फेटमध्ये अमोनिया घातल्यावर आधी फिकट निळा अवक्षेप येतो. आणखी घातला की तो विरघळून गडद निळं द्रावण उरतं. घाईने एकदम ओतणाऱ्याला पहिली पायरी दिसतच नाही.

“प्रयोग झाला की सगळं बेसिनमध्ये ओतायचं.” शिसं आणि बेरियम असलेलं द्रावण वेगळ्या बाटलीत जमा करायचं. अमोनिया घातलेलं सिल्व्हर नायट्रेट साठवून ठेवायचंच नाही, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

मग तयारी करायची कशी? तक्ता जरूर करा, पण तीन रकान्यांचा. पहिल्यात काय दिसलं, दुसऱ्यात ते कशाकशामुळे दिसू शकतं, तिसऱ्यात त्यांच्यातला फरक ठरवणारी पुढची चाचणी. जर्नलमध्ये पहिल्या चाचणीनंतर ‘सल्फेट असण्याची शक्यता’ एवढंच लिहा आणि निश्चिती चाचणीनंतरच ‘सल्फेट आहे’ असं लिहा. शंका आली, तर दुसऱ्या नळीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर घ्या, तेच अभिकर्मक त्याच क्रमाने टाका आणि दोन्ही नळ्या शेजारी धरून पाहा. नुसत्या पाण्यातही गढूळपणा आला, तर दोष क्षारात नाही, आपल्या नळीत किंवा अभिकर्मकात आहे. शिक्षकांनीही तोंडी परीक्षेत रंग विचारणं सोडून ‘आता पुढे काय घालशील, आणि का?’ असं विचारावं. त्या ‘का’चं उत्तर देता येणाऱ्या मुलाला न पाहिलेला क्षार मिळाला तरी घाबरायचं कारण नाही.