ऱ्होड्स: तारांऐवजी काड्यांचा पियानो

ऱ्होड्स पियानोचं झाकण उचललं तर आत तारा नसतात. असते बारीक पोलादी काड्यांची रांग, आणि प्रत्येक काडीच्या डोक्यावर धातूची जाड दांडी. दोन्ही मिळून एक विजोड नादकाटा: एक पाय सडपातळ, दुसरा बोजड. पट्टी दाबली की रबरी टोकाची हातोडी काडीवर आपटते आणि समोरचा पिकअप तिची थरथर विजेत उतरवतो, इलेक्ट्रिक गिटारीत होतं तसंच. सूर लावायचा तर काडीवरची इवलीशी स्प्रिंग मागेपुढे सरकवायची.

खरी गंमत काडीच्या जागेत आहे. ती पिकअपच्या अगदी मध्यावर असेल तर प्रत्येक हेलकाव्यात त्याच्या चुंबकासमोरून दोनदा जाते, आणि वरच्या सप्तकाचा सूर जोरात वाजतो. जराशी वरखाली केली की मूळ सूर भरतो. हलक्या हाताने घंटेसारखा किणकिणणारा हा पियानो जोरात ठोकला की गुरगुरतो. गवयाच्या आवाजासारखी प्रत्येक ऱ्होड्सची जातकुळी वेगळी, ती यामुळेच.

हॅरल्ड ऱ्होड्स पियानोचे शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात खाटेवर पडलेल्या जखमी सैनिकांना शिकता यावं म्हणून त्यांनी बी-17 विमानांच्या ॲल्युमिनियम नळ्यांतून 29 सुरांचा छोटा पियानो घडवला. त्यात वीज नव्हती. 1959मध्ये ते गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडर यांच्याबरोबर आले, पण बाजारात गेला तो फक्त खालच्या 32 सुरांचा ‘पियानो बेस’. रॉक बँड द डोअर्सचे रे मँझरेक डाव्या हाताने तोच वाजवत. मंचावर बेस गिटारवाला लागतच नसे. 1965मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतल्यावर 73 पट्ट्यांचा ऱ्होड्स आला. 1968मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनी पियानोवादक हर्बी हॅनकॉकना इलेक्ट्रिक पियानोवर बसवलं आणि जॅझचा रंग पालटला.

वुर्लिट्झर हा त्याचा प्रतिस्पर्धी. त्यात पोलादी रीड असते, मात्र ती हार्मोनियमसारखी हवेने नव्हे, हातोडीने वाजते. रे चार्ल्स यांच्या 1959च्या ‘व्हॉट्ड आय से’ या गाण्याची सुरुवातच वुर्लिट्झरवर आहे. आवाज ऱ्होड्सपेक्षा करकरीत, टिकतो कमी.

1983मध्ये यामाहाचा डीएक्स7 सिंथेसायझर आला. वजनाने हलका, सूर लावायची कटकट नाही, वर ऱ्होड्सची नक्कल तयारच! पुढच्याच वर्षी ऱ्होड्सचं उत्पादन थांबलं. 1987मध्ये रोलँडने नाव विकत घेऊन त्याखाली डिजिटल पियानो काढले. हॅरल्ड ऱ्होड्सना ते मुळीच पसंत पडले नाहीत. 1997मध्ये त्यांनी नावाचे हक्क परत मिळवले, तेव्हा त्यांचं वय 86 होतं.