इश्तारचं दफ्तर

ऑक्टोबर 2024 मध्ये एका लेखकाने अमेरिकेतल्या लुइझियानाच्या फेडरल कोर्टात ‘बंजी’ या व्हिडिओ गेम कंपनीवर दावा लावला. ‘डेस्टिनी 2’ या गेममधली ‘रेड वॉर’ ही मोहीम आपल्या कथेवरून उचलली आहे, असं त्याचं म्हणणं. अशा आरोपाला उत्तर द्यायचं तर गेम सुरू करायचा आणि दाखवायचं, ही बघा आमची गोष्ट. बंजीला तेच जमेना. 2017 साली लोकांनी पैसे मोजून घेतलेली ती मोहीम कंपनीने नोव्हेंबर 2020 मध्ये गेममधून काढून टाकली होती, आणि तो जुना कोड आता चालवता येत नाही, असं खुद्द कंपनीनेच सांगितलं. मग पुरावा म्हणून तिने पुढे काय केलं? लोकांनी यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओ आणि ‘डेस्टिनीपीडिया’ या चाहत्यांच्या विकीची पानं.

मे 2025 मध्ये न्यायाधीश सूझी मॉर्गन यांनी ही साधनं विचारात घ्यायला नकार दिला. ती तिऱ्हाइतांनी केलेली, त्यांच्या अस्सलपणाची खात्री कोण देणार? कायद्याच्या बाजूने ते बरोबरच असेल. पण ज्यांनी ती गोष्ट लिहिली, त्यांच्यापाशी ती दाखवायला उरली नव्हती. ती होती ज्यांनी नुसती खेळली त्यांच्यापाशी. कोणीही न सांगता, पगार न घेता त्यांनी ती जपून ठेवली होती. मला या माणसांबद्दल सांगायचं आहे.

डेस्टिनीच्या चाहत्यांना ही सवय लागली त्यालाही कारण आहे. पहिला गेम सप्टेंबर 2014 मध्ये आला, तेव्हा त्याच्या कथेचा बराचसा भाग ‘ग्रिमॉयर’ नावाच्या कार्डांवर होता. खेळता खेळता कार्ड मिळायचं, पण त्यावरचा मजकूर गेममध्ये वाचताच यायचा नाही. त्यासाठी खेळ सोडून कंपनीच्या वेबसाइटवर किंवा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जावं लागे. गोष्ट एकीकडे, वाचक दुसरीकडे. ही दरी चाहत्यांनी भरून काढली. 2015 पासून ‘इश्तार कलेक्टिव्ह’ नावाच्या संग्रहात ते ही कार्डं गोळा करू लागले. पुढे बंदुकांच्या आणि चिलखतांच्या वर्णनाखाली लिहिलेल्या दोन-चार ओळी, पात्रांचे संवाद, गेममधली पुस्तकं, सगळं त्यात उतरत गेलं.

यातलं एक पान जवळून पाहण्यासारखं आहे. त्यावर शुक्र ग्रहावरच्या एका संशोधन संस्थेची हकिगत आहे. संस्थेचं नाव इश्तार कलेक्टिव्ह. चाहत्यांनी आपल्या संग्रहाला नाव दिलं ते इथूनच घेऊन. तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘व्हेक्स’ नावाचा एक यंत्रजीव पकडून ठेवलेला असतो. माया सुंदरेश, तिची जोडीदार चिओमा एसी आणि त्यांचे दोन सहकारी त्याचं निरीक्षण करत असतात. एक दिवस त्यांच्या लक्षात येतं की तो जीव आपल्या आत याच खोलीची, याच चौघांची हुबेहूब नक्कल चालवतो आहे. आणि नक्कल इतकी हुबेहूब असेल, तर या क्षणी बोलणारे आपण खरे की नकलेतले? हे ठरवायला त्यांच्याकडे काहीच साधन नसतं. सगळा मजकूर म्हणजे नुसते संवाद, नाटकाच्या संहितेसारखे. मजकुरातल्या नावांना दुवे आहेत. माया सुंदरेशवर बोट ठेवलं की ती जिथे जिथे आली आहे, त्या नोंदी समोर उभ्या राहतात.

ते कार्ड 2014 चं. दहा वर्षांनी, जून 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘एकोज’ या प्रकरणात जी खलनायिका उभी राहिली, ती त्याच माया सुंदरेशचं एक रूप होती. मधल्या दहा वर्षांत स्टुडिओत किती माणसं आली आणि गेली असतील! ज्याच्या टेबलावर माया पुन्हा येते, त्याला तिचा स्वभाव, तिचं बोलणं, तिने कुणावर प्रेम केलं हे कुठून कळणार? बंजीच्या लेखकांनी आपण इश्तार चाळतो हे मोकळेपणाने मान्य केलेलं आहे. मला त्यात कमीपणाचं काही वाटत नाही.

स्टुडिओकडे स्वतःची कागदपत्रं नसतात असं नाही. खंडीभर असतात, आणि अडचण तिथेच आहे. त्यात पहिला खर्डा असतो, तिसरा असतो, ऐनवेळी कापलेला प्रसंग असतो, कुणाच्या तरी मनात राहून गेलेला शेवट असतो. लेखकाला आठवतं ते त्याने लिहिलेलं. खेळाडूपर्यंत त्यातलं नेमकं काय पोचलं, हे त्याला त्या ढिगाऱ्यातून सहज सांगता येत नाही. चाहत्याचं तसं नाही. त्याला आतलं काहीच दिसत नाही. पडद्यावर जे आलं तेवढंच तो उतरवून घेतो, आणि म्हणूनच त्याची नोंद भरवशाची ठरते. विकीमध्ये तर प्रत्येक दुरुस्तीचा इतिहास राहतो: कोणी, कधी, कोणता शब्द बदलला. खाली आधार दिलेला नसेल, तर दुसरा कोणीतरी येऊन तो मागतो किंवा वाक्यच उडवतो. ही शिस्त कित्येक पगारी कचेऱ्यांत सापडणार नाही.

हे एका गेमपुरतं नाही. ‘एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेच्या चाहत्यांनी 1995 मध्येच इंटरनेटवर नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि 2005 मध्ये त्यांची विकी झाली. त्या मालिकेतला सिरोडिल हा प्रांत 1998 च्या एका पुस्तिकेत घनदाट उष्ण जंगलाचा होता. 2006 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ हा गेम आला तर तिथे थंड हवेची मोकळी वनराई! चाहत्यांनी फरक लगेच पकडला. कथेतच खुलासाही आला, की देवत्वाला पोचलेल्या सम्राटाने तिथलं हवामान पालटलं. नोंद नसती तर ही विसंगती किती जणांच्या लक्षात राहिली असती?

या व्यवहारात धोकाही आहे. चाहता कधी नोंदीत आपला अंदाज मिसळतो. घाईतल्या लेखकाने तोच खरा धरला, तर अंदाजाची अधिकृत कथा होऊन बसते. चक्रधरांच्या लीळांची मूळ पोथी हरवल्यावर अनुयायांनी त्या आठवणीतून पुन्हा बांधल्या आणि पाठभेद झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पाठभेद आहेत कारण लीळा आहेत. चुकीच्या भयाने कोणी लिहिलंच नसतं, तर?

माझी तक्रार आहे ती वेगळीच. ही माणसं रात्री जागून संवाद उतरवतात, सर्व्हरचा खर्च उचलतात. कंपनी आपली मोहीम बंद करताना त्यांना संहिता देऊ शकते, निदान श्रेयनामावलीत नाव घालू शकते. कोर्टात ज्यांच्या पानांचा आधार घ्यायचा, त्यांचा एवढा मान तर ठेवायलाच हवा.

2020 मध्ये रेड वॉरबरोबर मंगळ, बुध, आयो आणि टायटन ही ठिकाणंही गेममधून गेली. टायटनवर स्लोन नावाची एक उपसेनापती होती. बाकीचे निघाले, ती मागे थांबली आणि टायटनसकट नाहीशी झाली. मे 2023 मध्ये टायटन परत आला, स्लोनही परत आली, पार बदललेली, अंगावर शत्रूच्या शक्तीच्या खुणा घेऊन. ती पूर्वी कशी होती, समुद्रातल्या त्या लोखंडी फलाटावर उभी राहून नवख्यांशी कशी बोलायची, हे आज ‘डेस्टिनी 2’ खेळायला सुरुवात करणाऱ्या मुलीला गेममध्ये कुठेच ऐकायला मिळत नाही. ती संग्रह उघडते, शोधाच्या चौकटीत ‘स्लोन’ लिहिते, आणि कुणीतरी शब्द न् शब्द उतरवून ठेवलेलं ते 2017 मधलं बोलणं वाचायला लागते.