गुरुजींनाही शिकावेसे वाटले पाहिजे
शिकवता यावे म्हणून सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. आज मात्र अनेक शिक्षक प्रशिक्षणाला कंटाळतात. दोष त्यांचाच नाही. दिवसभर भाषण ऐका, सही करा, घरी जा! २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात त्यासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. पण नुसते तास भरून शिक्षक घडत नाही.

२०१५च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. तेथे भाषण नव्हते. आपल्यासारख्याच गुरुजींचा चालता वर्ग होता. पाहिलेले पटते.

बंधू-भगिनींनो, आपली मुले जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत शिकतात. पालकसभेत बाईंना, गुरुजींना आपुलकीने विचारा, यंदा नवीन काय शिकलात? जे शिकले, त्यांचा ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, विहारात सत्कार करा. जयभीम!