जातिवंत कोंबडीची पारख

देवणी बैल घ्यायला निघालेला मराठवाड्यातला शेतकरी आधी जनावराचे तोंड पाहतो. अंग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असल्या तर तो वानेरा. अंगभर काळे डाग विखुरलेले असले तर शेवरा. मग कान, वशिंड, कातडी, चाल. बैल कसा असावा याचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे पक्के असते. त्याच शेतकऱ्याच्या अंगणातली कोंबडी मात्र नुसती 'गावरान' असते. लाल, काळी, ठिपक्यांची, उघड्या मानेची, बुटकी, उंच, सगळ्या गावरानच. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात या नावाला ब्रॉयलरपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. पण आपण नेमके काय घेतले, हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, कारण रंगीत पिसांचे संकरित पक्षीही याच नावाने खपतात.

कोंबडीच्या जातीचा आदर्श नमुना कागदावर लिहून ठेवायची पद्धत इंग्लंडमध्ये सुरू झाली. तिथल्या पोल्ट्री क्लबने 1865 मध्ये असे पहिले पुस्तक काढले. त्याचे संपादक विल्यम टेगेटमायर हे चार्ल्स डार्विन यांना कबुतरे आणि कोंबड्यांची माहिती पुरवणारे पक्षितज्ज्ञ होते. अमेरिकेत 1873 मध्ये कुक्कुटपालकांची संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नमुन्यांचे पुस्तक निघाले. ते आजही सुधारून छापले जाते. अशा पुस्तकात प्रत्येक जातीचा तुरा, चोच, मान, पाठीचा उतार, शेपटीचा कोन, पायांचा रंग आणि नर-मादीचे वजन दिलेले असते. शंभर गुणांपैकी कशाला किती, तेही ठरलेले. तुऱ्याला बाजूने एखादा कोंब फुटलेला दिसला, तर बाकी पक्षी कितीही देखणा असला तरी तो प्रदर्शनातून बाद होतो.

या कथेत भारताचा वाटा मोठा आहे. आपल्याकडचा असील कोंबडा उंच, ताठ मानेचा, घट्ट पिसांचा आणि भरदार छातीचा. त्याला झुंजीसाठी जोपासले गेले. झुंजी लावणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरले, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने घडलेले ते शरीर टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकात असील इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात गेला, तिथल्या पक्ष्यांशी त्याचा संकर झाला आणि 'इंडियन गेम' ऊर्फ कॉर्निश ही जात तयार झाली. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या पितृवंशात हीच कॉर्निश आहे. ढाब्यावरच्या ताटातल्या कोंबडीच्या रुंद छातीत असीलचा अंश आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा जपणे सोपे वाटते, पण ते तसे नाही. असीलच्या डोक्यावर तीन आखूड रांगांचा बसका तुरा असतो, तर गावठी कोंबडीचा बहुधा दातेरी, एकेरी आणि उभा. दोघांचा संकर केला की पहिल्या पिढीतल्या सगळ्या पिल्लांवर बसका तुरा येतो, थोडा ओबडधोबड इतकेच. आपला असील शुद्धच राहिला, असे पाळणाऱ्याला वाटू लागते. ही पिल्ले आपसात लावली की पुढच्या पिढीत सरासरी चारातल्या एकाच्या डोक्यावर एकेरी तुरा पुन्हा उगवतो. विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यावरूनच दाखवून दिले, की मेंडेलने वाटाण्यात शोधलेले आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात. म्हणून मुरलेला पैदासकार केवळ कोंबड्याच्या रूपावर विसंबत नाही. त्याला एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांवर सोडतो आणि पिल्ले पाहून मगच त्याच्याबद्दलचे मत बनवतो. कडकनाथचेही असेच. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रात तिची मागणी वाढली. पण काळेपणाचे जनुक प्रभावी असल्याने संकरित पिल्लूही काळपट निघू शकते. निव्वळ काळ्या रंगावर शुद्धतेची किंमत मोजणारा म्हणूनच फसतो.

नमुना लिहिणारे चुकले, तर जातीचे नुकसान होते. पांढऱ्या चेहऱ्याची काळी स्पॅनिश कोंबडी एकेकाळी अंड्यांसाठी नावाजलेली होती. प्रदर्शनात तिच्या पांढऱ्या चेहऱ्याला गुण मिळू लागले, तेव्हा पैदासकार तो चेहरा पिढीगणिक मोठा करत गेले. चेहरा वाढला, पण पक्षी नाजूक झाला आणि जात मागे पडली. याउलट ऱ्होड आयलंड रेड. अमेरिकेतल्या लिट्ल कॉम्प्टन परिसरातल्या शेतकऱ्यांनी ती अर्धे शतक अंडी, मांस आणि काटकपणा पाहून वाढवली. नमुन्यांच्या पुस्तकात तिची नोंद झाली ती 1904 मध्ये. आधी उपयोग, मग कागद, असा हा क्रम. मराठवाड्याने गिरवावा तो हाच.

आपल्याकडे देशी जातींची नोंद कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था करते. तिच्या यादीत कोंबड्यांच्या वीसच्या आसपास जाती आहेत. महाराष्ट्राशी नाते सांगणारी त्यातली एक म्हणजे बुसरा. नंदुरबारमधले नवापूर, धुळ्यातले साक्री आणि पलीकडचा गुजरातचा डांग हा तिचा मुलूख. ही लहान ते मध्यम बांध्याची, चपळ कोंबडी आहे. पांढऱ्या अंगावर मान, पाठ आणि शेपटीला काळी पिसे, खांद्यांवर तांबूस झाक. आदिवासी घरांनी कुठलेही पुस्तक न पाहता सांभाळलेली ही जात आज निदान नावानिशी नोंदलेली आहे. मराठवाड्याच्या कोंबडीला अजून तेवढेही नाही.

छत्रपती संभाजीनगरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. राज्यात अशी चारच केंद्रे आहेत, बाकीची पुणे, नागपूर आणि कोल्हापूरला. परसातल्या पालनासाठी सुधारित पक्षी पुरवणे हे त्यांचे काम. गिरीराज, वनराजा, ऱ्होड आयलंड रेड ही नावे त्यामुळेच खेड्यापाड्यांत पोहोचली. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. सुधारित पक्षी त्याच्या दुपटीहून अधिक देतो. ज्या बाईच्या हातात अंड्यांचेच पैसे येतात, तिच्यासाठी हा फरक मोठा आहे आणि त्याला कमी लेखता येणार नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी सुमारे 31.7 कोटी भरले, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास 46 टक्क्यांनी जास्त.

पण वाटपातला कोंबडा गल्लीत मोकळा सुटतो आणि दोन-तीन पिढ्यांत गावचा मूळ वाण त्यात विरघळतो. आणि जाते ते नुसते रूप नव्हे. वनराजासारखा पक्षी सहसा खुडूक होत नाही. गावठी कोंबडी मात्र बारा-पंधरा अंड्यांवर 21 दिवस रवणीला बसते, पिल्ले काढते आणि घारीची सावली दिसताच त्यांना पंखाखाली घेते. वीज जाणाऱ्या गावात ती स्वतःच उबवणी यंत्र असते. व्यापारी अंडी उद्योगाने हा गुण मुद्दाम काढून टाकला, कारण रवणीवर बसलेली कोंबडी अंडी देत नाही. मराठवाड्याचा नमुना लिहायचा झाला, तर तुरा आणि पिसांच्या आधी रवणीला गुण द्यायला हवेत. त्यानंतर चाळिशीपार जाणाऱ्या उन्हात तग धरण्याला. उघड्या मानेची कोंबडी अनेकांना कुरूप वाटते, पण तिच्या मानेतून उष्णता लवकर बाहेर पडते. या मुलखात ते दूषण न मानता भूषणच मानले पाहिजे.

नमुना ठरला, की पुढचे काम चिकाटीचे. आठ-दहा माद्यांमागे एक नर, असे तीन-चार गट वेगळ्या खुराड्यांत ठेवायचे. दर वर्षी एका गटातले तरुण कोंबडे पुढच्या गटात न्यायचे, म्हणजे भावाबहिणींची लग्ने टळतात. नर बदलल्यावर किमान तीन आठवडे त्या माद्यांची अंडी रवणीसाठी घ्यायची नाहीत, कारण जुन्या नराचे बीज मादीच्या शरीरात तितके दिवस टिकू शकते. पायात कडी, वहीत नोंद. मानमोडीची लस सगळ्यांना, मात्र औषधोपचारावर जगवलेल्या रोगट पक्ष्याचा वंश पुढे न्यायचा नाही. निवडही एकाच दिवशी उरकत नाही. पिल्लू निघताच एकदा, आठव्या आठवड्यात दुसऱ्यांदा आणि तलंग अंड्यावर आली की तिसऱ्यांदा.

पारखीची जागा आपल्याकडे आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांबरोबर कोंबड्यांचेही प्रदर्शन भरते. तिथे परीक्षकाच्या हातात मराठवाड्याच्या कोंबडीचा लेखी नमुना असायला हवा. त्यासाठी आधी पाहणी हवी. ती अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या सोयगाव-कन्नडच्या अशा वाड्यांपासून सुरू करावी, जिथे वाटपातले कोंबडे कमी पोहोचले आहेत. प्रत्येक कोंबडीमागे वजन, नळीची लांबी, तुऱ्याचा प्रकार, पिसांचा आणि कवचाचा रंग, वर्षातली अंडी, किती वेळा रवणीला बसली, किती पिल्ले जगली, एवढे लिहिले तरी पुरे. रवणीची आणि पिल्लांची माहिती घरातल्या बाईकडूनच घ्यावी लागेल. कोणत्या कोंबडीची अंडी ठेवायची, हे ती आजवर मनाशी ठरवत आली आहे.