एक जन्मवेळ, दोन कुंडल्या

घड्याळांत किती वाजले हें सांगणें सोपें आहे. परंतु तें घड्याळ कोणत्या काळास अनुसरून चाललें होतें हें सांगितल्यावांचून वेळेचें कथन पुरें होत नाहीं. संगणकाच्या युगांत या जुन्या सत्याची आठवण पुन्हा होऊं लागली आहे, आणि तीहि अशा घरांतून, कीं जेथें वडील माणसांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो. ऐंशी वर्षें व सुमारें आठ महिने पुरे झाले म्हणजे हा संस्कार करितात. महायुद्धाच्या काळांत, १९४२ ते १९४५ च्या दरम्यान, जन्मलेल्या मंडळींवर हा योग २०२३ सालापासून येत गेला. अशा प्रसंगीं नातवंडें जुनें टिपण शोधून काढतात, आजोबांची कुंडली हौसेनें नव्यानें मांडूं लागतात, आणि मग घोटाळा होतो. प्रोग्रॅम तोच, जन्मवेळ तीच, गांवहि तेंच. परंतु एका यंत्रावर लग्न मकर निघतें, तर दुसऱ्यावर कुंभ. घरांत दोन पक्ष पडतात व एक पक्ष टिपणासच खोटें ठरवितो. आमच्या मतें टिपणास दोष देण्यापूर्वीं यंत्राची उलटतपासणी करणें अगत्याचें आहे.

कुंडली मांडणारा प्रोग्रॅम गणितांत सहसा चुकत नाहीं. मात्र गणितास आरंभ करण्यापूर्वीं त्याला जन्मवेळ ग्रिनिचच्या काळांत बदलून घ्यावी लागते. हें काम कांहीं प्रोग्रॅम स्वतःजवळच्या तक्त्यावरून करितात. पुष्कळसे मात्र तें संगणकाच्या घरच्या कारभाऱ्याकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवितात. या कारभाऱ्याजवळ देशोदेशींच्या काळाचे तक्ते असतात; पण सर्वांचे तक्ते सारखे नसतात, आणि एकाच कारभाऱ्याच्या जुन्या व नव्या आवृत्तींतहि ते बदलतात.

आपल्या देशांत १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढें असलेली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. पुढें युद्धाच्या निमित्तानें १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळें आणखी एक तास पुढें ठेवण्यांत आलीं. विंडोजच्या तक्त्यांत भारतापुरता हा इतिहास नाहीं. तेथें सर्व काळीं साडेपाच तासच. लिनक्स, अँड्रॉइड इत्यादि सिस्टीम ज्या सार्वजनिक तक्त्याचा आधार घेतात, त्यांत मात्र युद्धकाळाचा तास नोंदलेला आहे. एका तासाच्या फरकाचें मूळ तें हेंच.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील एक कल्पित उदाहरण घेऊं. मेहकर येथें ५ फेब्रुवारी १९४४ रोजीं सकाळीं ८ वाजून १० मिनिटांनीं जन्म झाला व टिपणांत "सूर्योदयानंतर सुमारें अर्धी घटी" असें लिहिलें आहे. त्या सुमारास मेहकरीं सूर्योदय प्रमाणवेळेनें ७ वाजण्याच्या किंचित् आधीं होतो. म्हणजे त्या वर्षींच्या घड्याळानें ८ वाजण्याच्या किंचित् आधीं. अर्धी घटी म्हणजे १२ मिनिटें. टिपण व घड्याळ यांचा मेळ तंतोतंत बसतो. सूर्य मकरेंत असल्यामुळें लग्नहि मकरच येतें. विंडोजच्या तक्त्यानें चालल्यास तोच जन्म सूर्योदयानंतर जवळ जवळ तीन घटींनीं झाला असें ठरतें व लग्न कुंभेंत जातें. घटका सूर्योदयापासून मोजण्याची जी रीत आपल्या वडिलांनीं पाळली, ती सरकारी घड्याळ पुढेंमागें केल्यानें बिघडत नाहीं. येथें तीच निर्णायक साक्ष ठरते.

परीक्षेची रीत अशी ठेवावी. प्रथम दोन्ही यंत्रांवर प्रोग्रॅमची व सिस्टीमची आवृत्ति टिपून घ्यावी. नंतर त्याच गांवासाठीं १९७५ सालची एखादी वेळ घालून पाहावी. तेथें दोन्ही उत्तरें जुळलीं व केवळ युद्धकाळांत बरोबर एक तासाचा फरक पडला, तर तक्त्याचा दोष निश्चित समजावा. फरक २३ मिनिटें २० सेकंदांचा असेल व साल १९४१ पूर्वींचें असेल, तर एक यंत्र जुन्या आवृत्तीचें आहे असें जाणावें. कारण त्या सार्वजनिक तक्त्याच्या जुन्या आवृत्तींत १९४१ पर्यंत कलकत्त्याचा स्थानिक काळच धरलेला होता व तो मागाहून दुरुस्त झाला. फरक २४ मिनिटांच्या आसपास व सर्वच सालीं सारखा पडल्यास मात्र आवृत्तीस बोल लावूं नये; मेहकरचा स्थानिक काळ प्रमाणवेळेच्या सुमारें २४ मिनिटें मागें असल्यानें, कोणीतरी स्थानिक काळाचा पर्याय निवडला असण्याचा संभव अधिक.

नवा तक्ताहि सर्वज्ञ नव्हे. तो कलकत्त्याच्या नांवानें आहे, आणि एका तक्त्याखालीं येणाऱ्या सर्व गांवांचा काळ १९७० नंतर सारखा असला म्हणजे झालें, एवढाच त्याचा नियम आहे. त्यामुळें ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ चा त्यांतील जादा तास वऱ्हाडांतील जन्मास डोळे मिटून लावूं नये. मुंबई शहरांत तर १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असलेला मुंबई काळ चालूं होता. तक्त्यास त्याची वार्ताहि नाहीं. ज्यांचे वडील मुंबईस जन्मले त्यांनीं हें ध्यानीं ठेवावें.

ज्यांचा ज्योतिषावर विश्वास नाहीं त्यांनींहि या विषयाकडे पाठ फिरवूं नये. कांहीं प्रोग्रॅम जन्मतारीखसुद्धां त्या दिवसाच्या मध्यरात्रीची वेळ म्हणून साठवितात. युद्धकाळाचा तास जाणणाऱ्या यंत्रानें साठविलेली ५ फेब्रुवारी, तो न जाणणाऱ्या यंत्रानें वाचली कीं आदल्या रात्रीचे ११ वाजतात व तारीख ४ होते. पेन्शनच्या कागदांवर व आधारकार्डावर जन्मतारखा निरनिराळ्या दिसल्या, तर वृद्ध माणसास किती खेपा घालाव्या लागतात हें सांगावयास नको. जन्मतारीख ही नुसती तारीख म्हणूनच साठवावी, तिला वेळ जोडूं नये, हा त्यावरील साधा उपाय होय.

सारांश, यंत्राच्या सोयीसाठीं टिपणांतील आंकडा खोडूं नये. त्याच्या शेजारीं "युद्धकाळाचें घड्याळ, प्रमाणवेळ ७-१०" असें वेगळ्या शाईनें लिहावें, गांवाचें नांव द्यावें, व ज्या प्रोग्रॅमनें कुंडली केली त्याची आवृत्तिहि नोंदवावी. उद्यां सिस्टीम पुन्हा बदलेल, तक्ते पुन्हा दुरुस्त होतील. परंतु मूळ नोंद शाबूत असली म्हणजे पणतवंडांसहि खरी वेळ काढतां येईल.