उशीवर झोपलेली गाय

जपानीत गाईला 'उशी' म्हणतात. मराठी माणसाला हे एकदाच सांगावं लागतं. गोठ्यात गाय पांढऱ्या खोळीच्या उशीवर मान टाकून झोपलीय, लाळेने खोळ भिजलीय, एवढं डोळ्यांपुढे आणलं की झालं. मांजर म्हणजे 'नेको': दुधाच्या पातेल्यात तोंड घालायला निघालेल्या मांजरीला आजी 'नको, नको' म्हणतेय. जपानीच्या पहिल्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी हे हौसेने शिकवते. आणि दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "ताई, चित्र बसलं की शब्द कायमचा पाठ ना? मग उजळणी कशाला?"

नाही, कायमचा नाही! मला चीड येते ती याची, की ज्या प्रयोगाच्या जोरावर हा समज पसरवतात, त्याच प्रयोगात त्याचं उत्तर आहे. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले. उच्चाराने जवळचा ओळखीचा शब्द आणि त्याचं चित्र वापरणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत ७२ टक्के अर्थ आले, बाकीच्यांना ४६ टक्के. लोक इथवरच सांगतात. सहा आठवड्यांनी तेच आकडे ४३ आणि २८ झाले. चित्रवाले तेव्हाही पुढे होते, पण आधी आलेल्यांपैकी बरेच शब्द त्यांच्याही हातून निसटले होते.

कसे निसटतात, ते वर्गात दिसतं. 'उशी' म्हटलं की मुलगी चटकन 'गाय' म्हणते. महिन्याने उलटं विचारलं, गाईला काय म्हणतात? ती डोळे मिटते. "गाय झोपलीय… कशावर बरं… गादी?" चित्र शाबूत, शब्द गेला. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने वही झाकून स्वतःला विचारायचं, आणि दोन्ही बाजूंनी विचारायचं. नुसतं पुन्हा वाचणं ही उजळणी नव्हे.

चित्र विचित्रच हवं, असंही नाही. गाय आणि उशी शेजारी ठेवून भागत नाही, गाईचं डोकं उशीवर टेकलेलं हवं, एवढंच. 'मी बघून शिकणारी आहे, मलाच हे जमेल' हेही खरं नाही. शिकणाऱ्यांच्या अशा जाती पाडून त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नसल्याचं पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात दाखवलं. आणि बोलताना गाय आयुष्यभर मध्ये येत नाही. शब्द रोजच्या वापरात आला की ती आपोआप मागे पडते.

उच्चार मात्र चित्राच्या भरवशावर सोडू नका. 'नको' आणि 'नेको' एक नव्हेत. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, आणि त्यातला 'बा' लांबवला की आजी. तिथे कानच तयार करावा लागतो, जपानी माणसाचं बोलणं रोज ऐकून.