उद्याची बंदूक आणि भाटघरचे पाणी

तोरण्याच्या पायथ्याशी वसलेल्या वेल्हे गावी आषाढाची झड लागली, म्हणजे चार हातांवरचा माणूस दिसेनासा होतो. शिवकालातील बंदूकधारी मावळ्याला असा पाऊस म्हणजे मोठीच विवंचना असे. त्याची बंदूक तोड्याची. तोडा भिजला की बत्ती लागत नसे, आणि बत्ती लागली नाही तर बंदुकीची योग्यता काठीइतकीच उरे. काडतुसाची बंदूक आली आणि ही अडचण संपली. मग उद्याची बंदूक कशी असेल? कल्पित कथांचे लेखक म्हणतात, की तीत दारू नसेल, कदाचित गोळीही नसेल. चाप ओढताच झगझगीत किरण सुटेल आणि समोरचा शत्रू भस्मसात होईल. अथवा विजेच्या बळावर गोळी अशा वेगाने जाईल, की पोलादी भिंतही तिला कागदासमान वाटावी. यांत शक्य किती आणि अशक्य किती, याचा निवाडा पदार्थविज्ञान करू शकते. त्यासाठी लागणारे दाखलेही भोर तालुक्यात आणि ज्याला आता राजगड तालुका म्हणतात त्या वेल्ह्याच्या मुलखातच सापडतात.

प्रथम साध्या बंदुकीचे गणित. 10 ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास 800 मीटर वेगाने सुटली, तर तिच्या अंगी 3,200 ज्यूल ऊर्जा असते. हवेचा विरोध सोडून दिला, तर 1 किलो वजनाचा धोंडा 326 मीटर उंचीच्या कड्यावरून कोसळतानाही तितकीच ऊर्जा घेऊन खाली येतो. गडावरून शिळा लोटणारा मावळा काही कमी प्रतीचे शस्त्र वापरीत नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे 350 किलोकॅलरी, म्हणजे 14 लक्ष ज्यूलहून अधिक ऊर्जा असते. चारशेहून अधिक गोळ्यांना पुरेल एवढी ही शक्ती आहे. वजनास वजन ताडून पाहिले, तर पीठ बंदुकीच्या दारूहून तिपटीने सरस ठरते! तरीही भाकरीचा कधी स्फोट होत नाही. कारण भाकरीतील ऊर्जा शरीरात काही तासांत सावकाश मोकळी होते, तर काडतुसातील दारू सेकंदाच्या सहस्रांशाच्या सुमारास जळून जाते. तात्पर्य, शस्त्राचा प्राण ऊर्जेच्या साठ्यात नाही. ती किती अल्प काळात आणि किती अल्प जागेत एकवटते, यात आहे. उद्याच्या प्रत्येक बंदुकीला हीच कसोटी लावावयाची.

विजेची तोफ या कसोटीस कशी उतरते? तिची रचना समजण्यास सोपी आहे. दोन समांतर रूळ आणि त्यांच्यामध्ये सरकणारा धातूचा तुकडा. एका रुळातून प्रचंड विद्युत्प्रवाह येतो, तुकड्यातून पलीकडे जातो आणि दुसऱ्या रुळातून परततो. विजेच्या मोटारीस फिरविणारे चुंबकीय बलच त्या तुकड्याला पुढे ढकलते. 10 डिसेंबर 2010 रोजी अमेरिकेच्या नौदलाने व्हर्जिनियातील डालग्रेन येथे अशा तोफेची चाचणी घेतली. तीत गोळ्याला 33 मेगाज्यूल, म्हणजे 3 कोटी 30 लक्ष ज्यूल ऊर्जा मिळाली.

हा आकडा ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. भोरजवळ वेळवंडी नदीवर 1928 साली पूर्ण झालेले भाटघरचे धरण आहे. त्याच्या पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता 16 मेगावॅट. तेवढी ऊर्जा ते वीजगृह दोन सेकंदांच्या आसपास निर्माण करते. परंतु तोफेला ती दोन सेकंदांत मिळून भागत नाही. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात मिळावी लागते. हा हिशेब मांडला, तर त्या क्षणापुरती दोनशेहून अधिक भाटघरे एकाच वेळी चालवावी लागतील. यावर तोड एकच. धरणात पाणी संथपणे साठवून मग दारे उघडावीत, त्याप्रमाणे वीज संधारित्रांत हळूहळू भरावयाची आणि एकदम सोडावयाची. मात्र ही विजेची धरणे फार अवजड असतात. 1 किलो वजनाच्या संधारित्रात 1,000 ज्यूल राहतात असे धरू, आणि तोफेने त्यांतील तृतीयांशाचा सदुपयोग केला असेही मानू. तरी साध्या गोळीइतका एक बार काढण्यास सुमारे 10 किलोचे ओझे पाठीवर हवे. काडतुसातील 3 ग्रॅम दारू तेच काम बिनबोभाट करते.

शिवाय धक्का चुकत नाही. दारू गेली म्हणजे धक्का गेला, हा समज चुकीचा आहे. गोळी जितक्या जोमाने पुढे जाते, तितक्याच जोमाने बंदूक मागे येते; हा न्यूटनचा नियम विजेलाही लागू आहे. 4 किलोच्या बंदुकीतून 10 ग्रॅमची गोळी 800 मीटर वेगाने सुटली, तर बंदूक सेकंदास 2 मीटर वेगाने खांद्यावर आदळू पाहते. गोळीचा वेग तिप्पट करा, की बंदूक 6 मीटर वेगाने येईल. तो खांदा शाबूत राहील कसा? प्रवाहाच्या उष्णतेने आणि घर्षणाने रूळ झिजतात, ती अडचण आणखी निराळी. अमेरिकन नौदलाने 2021 साली हे काम थांबविले. जपानने मात्र 2023 साली अशी तोफ समुद्रावर चालवून पाहिली. पुण्यात पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेतही या विद्येवर काम झाले आहे. जहाजाला हे ओझे पेलेल. शिपायाच्या हाताला नाही.

आता किरणाची बंदूक. इंग्रज कादंबरीकार वेल्स याने 1898 सालीच मंगळवासीयांच्या हाती उष्ण किरण दिला होता. खरा लेझर किरण मायमन याने 1960 साली निर्माण केला. त्याला धक्का जवळजवळ नसतो, हे खरे. पण प्रकाशाला पसरण्याची खोड आहे. तोरणा आणि राजगड यांमध्ये सरळ रेषेत सुमारे 7 किलोमीटर अंतर आहे. तोरण्यावरून पेन्सिलीएवढ्या, म्हणजे 5 मिलिमीटर छिद्रातून लेझर सोडला, तर राजगडावर पोचेपर्यंत त्याचा ठिपका सुमारे साडेतीन मीटर रुंद होईल. त्याची प्रखरता चार लक्ष पटींहून अधिक विरळ झालेली असेल. ठिपका लहान ठेवावयाचा तर अर्धा मीटर व्यासाचा आरसा हवा, आणि तो हातातल्या पिस्तुलावर बसविणे शक्य नाही. उष्णतेचे काय? वापरलेल्या विजेचा तृतीयांश भाग प्रकाश झाला, तर 3 किलोवॅटच्या किरणामागे 6 किलोवॅट उष्णता बंदुकीतच राहील. म्हणजे पेटलेल्या तीन गॅसशेगड्या मुठीत धरण्यासारखे! म्हणूनच 13 एप्रिल 2025 रोजी कर्नूल येथे भारतीय संशोधकांनी 30 किलोवॅट वर्गाच्या लेझरने वैमानिकरहित विमान पाडले, तेव्हा ते शस्त्र वाहनावर होते. आणि आषाढात तर तोरण्यावरून राजगड दिसतच नाही. धुक्याचे कण दृष्टीप्रमाणेच किरणालाही अडवितात. ज्या पावसाने तोडा विझत असे, तोच पाऊस उद्याच्या बंदुकीचीही वाट रोखून उभा आहे.

येथे कोणी समाधानाचा सुस्कारा टाकील, तर तो अकाली ठरेल. ज्या किरणाने कातडीवर फोडही उठत नाही, तो डोळा मात्र कायमचा घालवू शकतो. डोळ्यातील भिंग समांतर किरणे दृष्टिपटलावर सूक्ष्म बिंदूत गोळा करते. तेथे प्रखरता लाखभर पटींनी वाढते. एकवटण्याचे जे काम यंत्राला अवघड जाते, ते आपलाच डोळा शत्रूसाठी करून देतो! हे शस्त्र खरोखरीच शक्य होते, म्हणून 1995 साली व्हिएन्ना येथे राष्ट्रांनी कायमचे आंधळे करण्यासाठी बनविलेल्या लेझर शस्त्रांवर बंदीचा करार केला, आणि 1998 पासून तो अमलात आहे. रणांगणावर निषिद्ध ठरलेली ही इजा मग उत्सवात शिरली. 2023 च्या गणेश विसर्जनानंतर मिरवणुकीतील लेझर किरणांनी दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण महाराष्ट्रातील नेत्रवैद्यांकडे आले, आणि 2024 साली पुणे शहरात पोलिसांना अशा किरणांवर बंदी घालावी लागली.

कथेतील बंदूक मुलांच्या हाती पडण्याची चिंता कोणत्याही घराने करण्याचे कारण नाही. संधारित्रांचे वजन आणि आषाढाचे धुके तिची काळजी घेतील. परंतु खेळणे म्हणून बाजारात मिळणारा लहानसा लेझर हाती देताना, तो कोणाच्याही डोळ्यांवर रोखावयाचा नाही, एवढे बजावून सांगणे प्रत्येक वडीलधाऱ्याचे कर्तव्य होय.